टोरी लावून खेळलेला श्रावण

सनानं पत्ते वाटले. मी माझे दोन उचलले, पाहिले, मधे उघडे पडलेले तीन पाहिले आणि समोरचे सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढे लोटले. माझ्या नवऱ्यानं, सलीमनं, लगेच आपले पत्ते टाकले. सनानंही टाकले. मधे पडलेले चार चिंचोके तेवढे माझ्याकडे आले.

"अम्मी, होतं काय तुझ्याकडे?"

मी दाखवलं. हातात दोन एक्के, तिसरा मधे पडलेला.

सनानं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! तीन एक्क्यांवर चार चिंचोके? अगं, चेक करायचं ना!"

सना आमची मुलगी. नागपूरला इंजिनिअरिंग शिकते. पोळ्याच्या सुटीत चंद्रपूरला घरी आली आणि येताना हे पोकर घेऊन आली. हॉस्टेलमधे सगळ्या मुली खेळतात म्हणे, पैसे न लावता, मी कसम देऊन विचारलं. प्रत्येकाला दोन पत्ते लपवून, पाच पत्ते मधे उघडे, ते एकदम नाही, हळूहळू पडतात. आपली पाळी आली की एक तर चिंचोके लावायचे, नाही तर 'चेक' म्हणायचं. म्हणजे मी आत्ता काही लावत नाही, तुमचं चालू द्या. तिनं पत्त्यांचा दर्जाही शिकवला. सगळ्यात भिकार हात कोणता, तर दुरी आणि सत्ती. तो आला की डोळे मिटून टाकून द्यायचा.

"भारी पत्ते आले की कधी कधी गप्प बसायचं असतं, अम्मी. समोरच्याला वाटू द्यायचं, हिच्याकडे काही नाही. मग तो लावतो."

"मग नेहमीच गप्प बसावं."

"असं कसं? तू गप्प बसलीस की मधे अजून एक पत्ता पडतो. फुकटचा. त्या पत्त्यानं समोरच्याचं काम झालं तर तू गेलीस."

"मग बोलायचं कधी आणि गप्प बसायचं कधी?"

"तेच तर पोकर आहे ना!"

सलीम पत्ते पिसता पिसता म्हणाला, "तेरी अम्मी और चुप? कयामत के बाद देखेंगे."

मी हसले खरी, पण मनात म्हटलं, मियाँ, तुम्हाला सगळं कुठं माहीत. एक अख्खा श्रावण मी गप्प बसले होते. आणि मधे रोज एक पत्ता पडत होता.

श्रावण सरत आला की आमच्याकडे हवा एक वेगळीच होते. पावसानं जरा दम घेतलेला असतो. ऊन पडतं ते धुतल्यासारखं. इथं चंद्रपुरात कोळशाची भुकटी पावसानं खाली बसलेली असते, त्यामुळे झाडं पहिल्यांदाच हिरवी दिसतात, नाही तर वर्षभर ती राखाडीच. बाजारात लाकडाचे छोटे नंदी मांडलेले असतात, तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या पोळ्यासाठी. कुणी तरी बांबूचे कोवळे कोंब, आमच्याकडे त्यांना वास्ते म्हणतात, टोपलीत घेऊन बसलेली असते. त्या टोपलीजवळून गेले की माझं नाक मला सरळ गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या पुढे नेऊन सोडतं.

तिथल्या एका गावात आरोग्य उपकेंद्रात मी नर्स होते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या बायका लाजतील. तीन बाजूंनी जंगल, चौथ्या बाजूनं नाला. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज. घुग्घुसला वडलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, ट्रकांच्या धुरळ्यात मी वाढले. इतकं हिरवं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पहिले सहा महिने मी घाबरून होते, मग सहा महिने रडून होते, आणि मग कधी तरी माझं रडणं थांबलं ते माझ्या लक्षातच आलं नाही.

उपकेंद्रात मी, शिपाई लटारूभाऊ, आणि गावची आशा कार्यकर्ती मैनाबाई. मैनाबाई गोंड. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास, बांधा काटक, आठवी शिकलेली. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, आणि बोलणं असं की एका वाक्यात काम. मी पाच मिनिटं समजावून सांगायची, गरोदर बाई माझ्या तोंडाकडे पाहत राहायची. मैनाबाई गोंडीत दोन शब्द बोलायची, बाई उठून सुई घ्यायला दंड पुढे करायची. मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, यायचा.

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपली की गावाला सवड मिळते. बांध्यांमधे धान उभा राहिलेला असतो, निंदण तेवढं असतं, कापणीला अजून दोन-तीन महिने. तेव्हा बायका टोरी फोडायला बसतात. टोरी म्हणजे मोहाची बी. उन्हाळा संपता संपता झाडाखालून वेचायची, वाळवायची, मग सवडीनं कवच फोडून आतला गर काढायचा, त्याचं तेल होतं. मैनाबाईच्या घरी टोपल्याच्या टोपल्या. दुपारी उपकेंद्रात पेशंट नसले की ती एक टोपली डोक्यावर घेऊन यायची आणि व्हरांड्यात बसून दगडानं टकटक करत राहायची.

पत्ते लटारूभाऊंचे. एका दुपारी त्यांनी बनियनच्या आतून काढले. "खेळता का जी बाई? टाइमपास."

मी म्हटलं, आमच्या अब्बांना कळलं तर घरात घेणार नाहीत. पत्त्यांना हात लावणं म्हणजे आमच्याकडे मोठा गुन्हा. मैनाबाई टोरी फोडता फोडता म्हणाली, "पैसे नाई लावाचे. टोरी लावाच्या."

"टोरी तर तुझ्याच आहेत सगळ्या."

"म्हणूनच. ज्यानं हरल्या, त्यानं त्या फोडून द्याच्या."

नियम हा असा. डाव तीन पत्तीचा. प्रत्येकाला टोपलीतून सारख्या टोरी. हरलेल्या टोरी हरणाऱ्यानं दगड घेऊन फोडायच्या आणि गर मैनाबाईच्या सुपात टाकायचा. मला पहिल्या दिवशी हे फार न्यायाचं वाटलं. आठवड्यानं डोक्यात प्रकाश पडला की सरकारची नर्स आणि सरकारचा शिपाई, दोघंही रोज दुपारी मैनाबाईच्या टोरी फोडत बसलेत आणि ती भिंतीला टेकून पाय पसरून पान खातेय. लटारूभाऊंना म्हटलं, तर ते म्हणाले, "मले तं पयल्याच दिवशी समजलं. पण खेळाले मजा येते ना जी."

मला मजा येत नव्हती, मला जिंकायचं होतं. आणि मी सारखी हरत होते. चांगले पत्ते यायचे, नाही असं नाही. पण आले की माझा संयम सुटायचा. एकदा तीन राजे आले. मी मूठभर टोरी दाणकन मधे टाकल्या. दोघांनी पत्ते पालथे टाकले. मिळाल्या तीन टोरी. मैनाबाईचं उलटं. तिच्याकडे भारी पत्ते आले की ती एकच टोरी पुढे सरकवायची आणि भलतंच काही बोलायला लागायची. "लटारूभाऊ, तुमच्या बैलाच्या खुराले काय झालं होतं जी?" मग अजून एक टोरी. "आता बरा हाय का?" अजून एक. लटारूभाऊ बैलाचं सांगत राहायचे, मी ऐकत राहायची, आणि शेवटी टोपली तिच्या बाजूला.

"तुला कसं कळतं गं, आम्ही कधी टाकणार ते?" मी एकदा वैतागून विचारलं.

ती हसली. "तुमचं सांगू का बाई? रागावाचं नाई."

"सांग."

"चांगले पत्ते आले का तुमचा उजवा पाय हलते. इकडून तिकडं, इकडून तिकडं. झुल्यावानी."

लटारूभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणजे यांनाही माहीत! त्यानंतर मी पाय मांडी घालून खाली दाबून बसायला लागले. तरी अंगठा हलायचा मेला.

त्या श्रावणात माझ्याकडे खरोखरच एक भारी पत्ता आला. माझी बदली.

आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सलीम घुग्घुसच्या खाणीत, शिफ्टवर. मी जंगलात. दोन महिन्यांतून एकदा भेट, त्यातही तो अर्धा वेळ झोपलेला. नवरा-बायकोला एका ठिकाणी आणा, असा मी अर्ज केला होता, आणि तो अर्ज कुठल्या तरी टेबलावर वर्षभर पडून होता. आदेश आला. घुग्घुसजवळचंच उपकेंद्र. पंधरा दिवसांत रुजू व्हा, न झाल्यास आदेश रद्द समजण्यात येईल.

पावसाळ्यात आमच्या गावाचं टपाल नाल्याच्या पलीकडे अडकायचं. ज्याला पाण्यातून येणं जमेल तो सगळ्या गावाचं टपाल घेऊन यायचा. तो लिफाफा लटारूभाऊंनी माझ्या हातात दिला तेव्हा कागद कडक झाला होता, कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि त्याला धुराचा वास येत होता. लिफाफ्याच्या झाकणाला भाताचं एक शीत चिकटलेलं होतं. मी म्हटलं, लटारूभाऊ जेवता जेवता उठले असतील. मला तेव्हा शिताची काय पडली होती? मी आदेश चार वेळा वाचला, रजिस्टरांच्या खाली ड्रॉवरमधे ठेवला आणि ड्रॉवर लावून घेतला.

आणि कुणालाही सांगितलं नाही.

कारण मैनाबाईची मुलगी सुगंधा बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा लागलेला. दिवस पोळ्याच्या आसपासचे. आदल्या वर्षी तिचं पहिलं बाळ गेलं होतं. मी तेव्हा ट्रेनिंगला गेले होते. कळा सुरू झाल्या, नाल्याला पूर, खाटेवर टाकून चार माणसांनी तिला उचललं आणि पाणी उतरायची वाट पाहत काठावर बसले. बाळ तिथंच झालं, आणि तिथंच गेलं. मी परत आले तेव्हा मैनाबाई मला काही बोलली नाही. रजिस्टरमधे तिनंच नोंद केलेली होती, तिच्या त्या सुंदर अक्षरात. ती नोंद वाचून मी संडासात जाऊन रडले होते.

माझ्या जागी दुसरी नर्स पावसाळ्यानंतर येणार होती. म्हणजे मी गेले असते तर पोळ्याला उपकेंद्रात फक्त लटारूभाऊ उरले असते. हे मला दिसत होतं. आणि घुग्घुसच्या खोलीत डबा स्वतःच भरून शिफ्टला जाणारा सलीमही दिसत होता. मी ठरवलं काहीच नव्हतं. रोज सकाळी वाटायचं, आज मैनाबाईला सांगावं. सांगितलं की ती म्हणेल, "थांबा ना जी, सुगंधाचं होऊन जाऊ द्या." मग मला थांबावंच लागेल, आणि सलीमला सांगता येईल की बघ, तिनं हात जोडले, काय करू? किंवा ती म्हणेल, "जा बाई, तुमचाबी संसार हाय." मग जाता येईल. मला तिच्याकडून एक काही तरी ऐकायचं होतं. पण सांगायला जीभ उचलत नव्हती.

माझ्यासारख्या बडबड्या बाईनं पोटात गोष्ट ठेवायची म्हणजे काय होतं, ते माझं मलाच माहीत. भात जाईना. सात्या उगवल्या होत्या, जंगलातले ते पांढरेशुभ्र भुईफोड, मैनाबाईनं तिखट रस्सा करून आणला, तोही मी निम्मा परत पाठवला. दुपारचा डाव मात्र चुकला नाही. पाऊस थांबलेला असायचा, पत्र्यावरून थेंब गळत असायचे. समोरच्या रस्त्यावर पोरं-पोरी बांबूच्या गेड्यांवर चढून चिखलातून टकाटक चालायची. सुगंधा भिंतीला पाठ लावून बसायची, एक हात पोटावर, आणि आमचा डाव बघायची. मैनाबाई एक टोरी सरकवायची. मी एक टोरी सरकवायची. मधेच ती म्हणायची, "नाल्याचं पाणी आज गुडघ्यावर हाय." दुसऱ्या दिवशी, "आज मांडीवर आलं." एवढंच. मी पत्त्यांत तोंड खुपसून बसायची.

आता सनानं शिकवल्यावर मला त्या दिवसांची खरी भीती कळते. तीन पत्तीत थांबण्याचा धोका नसतो. तीन पत्ते हातात आले, ते तेच राहणार. तुम्ही कितीही वेळ गप्प बसा, नवीन काही पडत नाही. पण आमचा तो श्रावण तीन पत्तीचा नव्हता. तिथं रोज मधे एक पत्ता पडत होता. आज पाणी मांडीवर, उद्या कमरेवर. आज बाळ खाली डोकं करून आहे, उद्या फिरलं तर? आज आदेशाला आठ दिवस झाले, उद्या नऊ. गप्प बसणं फुकट नव्हतं. तरी मी गप्पच बसले होते.

दहाव्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर चढले. गावात तेवढ्याच जागी मोबाइलला रेंज यायची, तीही एका पळसाच्या झाडाला चिकटून उभं राहिलं तर. सलीमला सगळं सांगितलं. आदेशाचं, तारखेचं, सुगंधाचं. पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं, रेंज गेली.

"हॅलो?"

"सुन रहा हूँ."

"मी आले नाही तर हे जाईल हातातून. परत कधी मिळेल, माहीत नाही."

"तेरे को क्या करना है?"

"तेच तर कळत नाही ना!"

"फिर पोळा होने दे. मैं कहीं भाग थोडी रहा हूँ." मग जरा थांबून म्हणाला, "डबे में रोज आलू ले जा रहा हूँ. इतना याद रखना."

मी पळसाला धरून हसले आणि रडले. उतरताना घसरून चिखलात बसले. आता सांगायला काय जातं, इतकं हलकं मला निकाहाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. हे वाक्य सलीम वाचणार आहे, वाचू दे.

पोळ्याच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास सुगंधाला कळा सुरू झाल्या. नाला भरून वाहत होता, पण आम्हाला नाल्याकडे पाहायचंच नव्हतं. उपकेंद्राच्या आतल्या खोलीत ती, मी आणि मैनाबाई. लटारूभाऊ बाहेर पाणी उकळत होते. गावात बैल धुणं चालू होतं, झुली, बेगड, घुंगरं. दुपारी बैल तोरणाखाली न्यायला निघाले तेव्हा घुंगरांचा आवाज उपकेंद्राच्या भिंतीवरून पुढे गेला. त्याच वेळी डोकं दिसलं. मानेला नाळेचा एक वेढा होता. मी तो बोटानं हळूच वरून काढला. ट्रेनिंगमधे बाहुलीवर शंभरदा काढला होता, पण त्या क्षणी माझे कान बंद झाले होते. मुलगी झाली. दोन श्वास ती काही बोलली नाही. मी पाठ चोळली. मग अशी ओरडली, अशी ओरडली, की बाहेर लटारूभाऊंनी भांडं पाडलं.

मैनाबाईनं बाळाला पुसलं, सुगंधाच्या छातीवर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. ती बाहेर गेली आणि सुपात फोडलेल्या टोरीचा गर होता, तो आत घेऊन आली, म्हणाली, "हे तुमचं."

"माझं कसलं? हे तर मी हरलेलं."

"राहू द्या जी."

त्या गराचं पुढे तेल निघालं. मी घुग्घुसला नेलं ते थेट पुढच्या वर्षी, कारण ती जागा अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळाली आणि मला अजून एक पावसाळा तिथं काढावा लागला. सलीमनं अजून एक वर्ष आलू खाल्ले. तो दुसरा पावसाळा कसा गेला ते मला फारसं आठवत नाही. आठवतो तो हाच, टोरी लावून खेळलेला.

इतक्या वर्षांत माझ्या मनात एक चित्र पक्कं होतं. मैनाबाईला काही माहीत नव्हतं. माझ्या हातात भारी पत्ता होता, आणि मी, आयुष्यात एकदाच, तो दाबून बसले. त्याचा मला थोडा गर्वही होता. सनाच्या पोकरनं तो पुन्हा वर आला. मी तिला म्हटलं, चल, तुला खऱ्या खेळाडूकडे नेते.

या पोळ्याला आम्ही दोघी गेलो. धानोऱ्यापर्यंत बस, पुढे ऑटो. नाल्यावर आता पूल आहे. पुलावरून जाताना मी ऑटो थांबवायला लावला, खाली पाहिलं. पाणी गुडघ्यावर होतं.

मैनाबाईचे केस पांढरे झालेत, दात चार गेलेत. "जोहार बाई," म्हणाली आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले. सुगंधानं चहा ठेवला. तिची ती मुलगी, रोशनी, आता कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. आजीसारखीच काटक, आजीसारखंच अक्षर, तिनं वही आणून दाखवली. लटारूभाऊ रिटायर होऊन लेकाकडे गडचिरोलीला राहतात म्हणे. ओसरीत टोरीची टोपली होतीच. सनानं तिथंच बसकण मारली आणि दहा मिनिटांत मैनाबाईला आणि रोशनीला पोकर शिकवलं. मैनाबाईला चेक फार आवडलं.

"म्हणजे काईच नाई लावाचं, अन् खेळात राहाचं?"

"हो आजी."

"मंग हे तं माहंच खेळणं झालं."

तिनं खरंच तिसऱ्या डावात सनाच्या अर्ध्या टोरी ओढून घेतल्या. सनाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. "हरल्या त्या फोडाच्या," मैनाबाईनं तिच्यापुढे दगड सरकवला. माझी इंजिनिअर मुलगी मुकाट्यानं टोरी फोडायला लागली आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू!

त्या आनंदातच मी सांगून टाकलं. "मैनाबाई, तुला एक सांगायचं राहून गेलं बघ. रोशनीच्या वेळी माझी बदली झाली होती. आदेश ड्रॉवरमधे होता. मी बोलले नाही."

मैनाबाईनं पत्ते पिसणं थांबवलं नाही. "मले मालूम हाय."

"काय मालूम?"

"लटारूभाऊ नाल्यात पडले होते जी त्या दिवशी. समदं टपाल वलं. माह्या घरी आणून टाकलं. मी चुलीवर सूप बांधलं अन् त्यात वाळवलं. तुमचा लिफाफा तं पार उकलला होता. वाळवता वाळवता वाचलं. मंग भाताच्या शितानं चिकटवून देल्ला."

शीत! पंधरा दिवस मी तो कागद ड्रॉवरमधून काढून काढून हुंगला होता, धुराचा वास घेतला होता, आणि एकदाही डोक्यात आलं नाही.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं? तुझी पोरगी समोर बसलेली. आदल्या वर्षी तसं झालेलं. एक शब्द का बोलली नाहीस? थांबा म्हणाली असतीस तर मी थांबलेच असते ना!"

"मंग माह्या म्हणण्यानं थांबल्या असत्या."

"आणि मी निघून गेले असते तर?"

आता तिनं पत्ते खाली ठेवले. "तुमच्या हाती भारी पत्ते आले का तुमचा पाय हलते. मले मालूम होतं ना! तो कागद आला तवापासून मी रोज तुमचा पाय पाह्यत होती. सकाळी पाह्यत होती, दुपारी डावात पाह्यत होती. एक दिवस जरी हलला असता तं मी तुमच्या पाया पडली असती. पण नाई हलला. मंग काऊन बोलू?"

सनाचा दगड थांबला होता. सुगंधा दारात उभी राहून हसत होती, तिलाही सगळं माहीत असणार.

"पोळ्याच्या दिवशी हलला," मैनाबाई म्हणाली. "ही रडली ना, तवा. तुमी खाली बसल्या होत्या भिंतीले टेकून. लय हलला जी. मी पाह्यला."

ही म्हणजे रोशनी. ती माझ्या शेजारीच बसली होती. तिनं पत्ते उचलले, पिसले, दोन दोन वाटले. "मोठी नर्सबाई, तुमचा टर्न," म्हणाली.

मी पत्ते उचलले, छातीशी धरून पाहिले, आणि सनानं शिकवलं होतं तसं, आवाज अगदी सपाट ठेवून म्हटलं, "चेक."

मैनाबाईनं स्वतःचे पत्ते पाहिलेसुद्धा नाहीत. वाकून माझ्या हलणाऱ्या पायाकडे पाहिलं आणि ते पालथे टाकून दिले. "टाकले जी मी."

माझ्या हातात दुरी आणि सत्ती होती.